पिवळे तळहात, पांढरे डोळे

आपल्याकडे पिवळा रंग मंगल मानला जातो. हळद लागल्याशिवाय वधूवर बोहल्यावर चढत नाहीत, आणि मुलीचे लग्न पार पडले म्हणजे ‘पोरीचे हात पिवळे झाले’ असे घरातील वडीलधारी माणसे समाधानाने सांगतात. परंतु हाच रंग हळदीवाचून हातावर दिसू लागला, की त्याच घराची झोप उडते. पिवळेपणासाठी आपल्या मनात एकच शब्द तयार असतो, आणि तो म्हणजे कावीळ. प्रत्येक पिवळेपणा कावीळ नसतो, आणि काही पिवळेपणा तर केवळ ताटातून आलेला, पूर्णपणे निरुपद्रवी असतो, ही गोष्ट सामान्य माणसाला सहसा ठाऊक नसते. आम्हा वैद्यकीय व्यावसायिकांनाही गर्दीच्या वेळी तिचा विसर पडू शकतो. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने हा विषय निवडला आहे.

थंडीच्या दिवसांत, बाजारात लाल गाजरांचे ढीग लागले म्हणजे, दवाखान्यात एक ठरावीक प्रसंग घडतो. दीड वर्षाचे गुटगुटीत मूल, त्याला कडेवर घेतलेली भेदरलेली आई, आणि मागे उभी आजी.

“डॉक्टरसाहेब, याला कावीळ झाली हो! हात बघा कसे पिवळे पडलेत.”

मूल मात्र टेबलावरचा स्टेथॉस्कोप ओढण्यात दंग असते. ताप नाही, उलटी नाही, भूक उत्तम.

“ताई, हा खातो काय?”

“सगळं खातो. रोज गाजर उकडून, कुस्करून, वर तूप घालून देते. गंगाफळाची भाजी आवडते. दुपारी पपई.”

निदान येथेच झालेले असते. तरीही डॉक्टरने त्या मुलाला उचलून खिडकीपाशी न्यावे आणि दिवसाच्या उजेडात त्याचे डोळे पाहावेत. डोळ्यांचा पांढरा भाग दुधासारखा स्वच्छ असेल, तर ही कावीळ नव्हे. या अवस्थेला वैद्यकशास्त्रात ‘कॅरोटिनीमिया’ म्हणतात.

गाईचे तूप आणि म्हशीचे तूप

हे कसे घडते, ते समजण्यासाठी आपल्या स्वयंपाकघरातच डोकावणे पुरेसे आहे. गाईचे तूप पिवळे असते आणि म्हशीचे पांढरे. गोठा एक, चारा एक, मग हा भेद कशामुळे? हिरव्या चाऱ्यात कॅरोटीन नावाचे पिवळे-केशरी द्रव्य भरपूर असते. पानांच्या हिरव्या रंगाखाली ते झाकलेले असते इतकेच. म्हैस आपल्या पोटात गेलेल्या कॅरोटीनचे जवळजवळ पूर्णपणे ‘अ’ जीवनसत्त्वात रूपांतर करते, आणि ते जीवनसत्त्व जवळजवळ रंगहीन असते. गाय मात्र काही कॅरोटीन जसेच्या तसे दुधात उतरू देते. या बाबतीत माणूस गाईच्या पंक्तीला बसतो.

गाजर, पपई, गंगाफळ, आंबा, रताळे, मेथी, पालक, शेवग्याची पाने यांतील कॅरोटीन लहान आतड्यात शोषले जाते. त्यातील काही भागाचे आतड्याच्या अस्तरातच ‘अ’ जीवनसत्त्व बनते. शरीराची गरज भागली, की हे रूपांतर मंदावते. उरलेले कॅरोटीन स्निग्ध पदार्थांचे वहन करणाऱ्या प्रथिनांबरोबर रक्तात हिंडते, त्वचेखालील चरबीत आणि त्वचेच्या सर्वांत बाहेरील जाड थरात साठते, आणि घाम व त्वचेतील तेल यांतूनही बाहेर पडते. म्हणूनच हा रंग सर्व अंगावर सारखा दिसत नाही. तळहात, तळपाय, नाकाचा शेंडा, कपाळ, नाकाच्या कडेपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत जाणारी घडी, अशा जाड कातडीच्या किंवा अधिक घाम-तेलाच्या जागी तो प्रथम उमटतो. आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या लोकांत तो ओळखण्याची उत्तम जागा म्हणजे तळहात.

गाजर कच्चे चावून खाल्ले तर त्यातील कॅरोटीन थोडेच शोषले जाते. तेच शिजवून, कुस्करून, तूप घालून दिले तर शोषण कितीतरी वाढते. गाजराचा हलवा, तुपाच्या धारेसह आमरस आणि बाळाचे मऊ खाणे यांत या गोष्टी आपोआप जुळून येतात. शंभर ग्रॅम गाजरात साधारणपणे ८ मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन असते. दररोज सुमारे २० ते ३० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन काही आठवडे पोटात जात राहिले, तर मोठ्या माणसाच्याही त्वचेवर रंग दिसू लागतो. लहान मुलाला अर्थातच याहून कमी पुरते. त्या वेळी रक्तातील कॅरोटीनचे प्रमाण बहुधा दर डेसिलिटरमागे २५० मायक्रोग्रॅमच्या वर गेलेले असते.

थोडा इतिहास

जर्मन रसायनशास्त्रज्ञ वाकेनरोडर यांनी १८३१ साली गाजरातून हे द्रव्य वेगळे केले, आणि गाजराच्या लॅटिन नावावरूनच त्याला कॅरोटीन हे नाव मिळाले. पॉल कारर यांनी त्याची रासायनिक रचना उलगडली. १९३७ साली त्यांना मिळालेल्या नोबेल पारितोषिकात या कामाचा मोठा वाटा होता. त्वचेच्या या पिवळेपणाला आजचे नाव मिळाले ते १९१९ साली. न्यूयॉर्कचे आल्फ्रेड हेस आणि व्हिक्टर मायर्स यांना बालकांच्या एका वॉर्डात दोन मुले हळूहळू पिवळी होत असल्याचे आढळले. त्या दोघांच्या आहारात काही आठवडे रोज गाजर दिले जात होते. डोळे मात्र पांढरेच होते. अमेरिकेतील एका मोठ्या शहरातील डॉक्टरांना शंभर वर्षांपूर्वी पडलेले कोडे आणि आपल्याकडील आईला आज पडणारे कोडे एकच आहे.

१९६० साली अमेरिकेतील डॉक्टरांनी याच कुळातील आणखी एक प्रकार नोंदवला. एक मध्यमवयीन स्त्री कित्येक वर्षे दररोज सुमारे दोन लिटर टोमॅटोचा रस पीत होती. तिच्या त्वचेवर पिवळ्याऐवजी नारिंगी छटा आली, कारण टोमॅटोतील रंगद्रव्य कॅरोटीनचे लाल भावंड, लायकोपीन हे असते. आपल्या हिवाळी गाजरांचा लाल रंगही मुख्यतः लायकोपीनचाच. रोहित पक्ष्याच्या पंखांचा गुलाबी रंगदेखील त्याने खाल्लेल्या शेवाळ-कोळंबीतील अशाच द्रव्यांमुळे येतो. पिंजऱ्यात ठेवून साधे खाद्य दिले, तर पुढची पिसे फिकी येतात.

बऱ्हाणपूर हे केळीचे गाव. तेव्हा वाचकांच्या मनात साहजिकच प्रश्न येईल, की इतकी पिवळी केळी खाऊन आपण पिवळे का होत नाही? उत्तर सोपे आहे. आपल्या शेतांतील ‘ग्रँड नैन’ केळीचा पिवळेपणा सालीत असतो. गरात कॅरोटीनचे प्रमाण गाजराच्या तुलनेत नगण्य असते. प्रशांत महासागरातील पोह्नपेई बेटावरची ‘करात’ केळी मात्र आतून केशरी गराची आणि कॅरोटीनने समृद्ध असते. केळीच्या गरातील ‘अ’ जीवनसत्त्वाची क्षमता वाढवण्याचे संशोधन ऑस्ट्रेलियात आणि आपल्याकडे मोहाली येथेही झाले आहे.

आधी डोळे पाहा

आहारातील रंग आणि कावीळ यांतील भेद सांगण्यास महागडी तपासणी लागत नाही. कावीळ म्हणजे रक्तात बिलिरुबिन वाढणे. बिलिरुबिनला डोळ्यांच्या आवरणातील लवचिक तंतूंची ओढ असते, म्हणून खरी कावीळ डोळ्यांत लवकर उतरते. कॅरोटीन तेथे साठत नाही. चरकसंहितेत कामलेचे वर्णन करताना हळदीसारखे पिवळे झालेले डोळे प्रथम सांगितले आहेत, आणि त्वचा, नखे व मुख त्यानंतर. आपल्या पूर्वसूरींनी लावलेला हा क्रम आजही जसाच्या तसा उपयोगी पडतो.

मात्र डोळे पाहण्याचीही रीत आहे. तपासणी दिवसाच्या उजेडात व्हावी. दिव्याच्या पिवळ्या प्रकाशात सौम्य कावीळ हमखास निसटते. आपल्याकडे अनेकांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांत मुळातच मातकट-पिवळसर छटा असते. म्हणून रुग्णाला खाली पाहावयास सांगून वरची पापणी उचलावी आणि तिच्याखाली झाकलेला पांढरा भाग पाहावा. काविळीत लघवी बहुधा गडद होते, कपड्यावर पिवळा डाग पडतो, काही प्रकारांत शौच पांढुरके होते, अंगाला खाज सुटते, अन्न नकोसे होते. आहारातील पिवळेपणात यांपैकी काहीही नसते. शंका उरलीच, तर रक्तातील बिलिरुबिनची साधी तपासणी प्रश्न मिटवते.

लघवीच्या रंगाबद्दलही एक खुलासा हवा. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीनंतर लघवी गडद पिवळी होते. तो रायबोफ्लेविनचा रंग. बीट खाल्ल्यावर काही लोकांची लघवी गुलाबी किंवा लाल होते, आणि रक्त गेले म्हणून ते घाबरून येतात. हेही निरुपद्रवीच आहे. मात्र अंगात लोह कमी असलेल्यांत हा प्रकार अधिक आढळतो, हे डॉक्टरांनी ध्यानात ठेवावे.

माळ, चुना आणि हंगाम

आता या विषयाच्या गंभीर बाजूकडे वळू. आपल्या भागात पिवळेपणा दिसला, की दवाखान्याआधी कावीळ उतरवणाऱ्याकडे जाण्याची रीत अजून पुरती गेलेली नाही. कोणी गळ्यात काड्यांची माळ घालतो. माळ जसजशी लांबून खाली येते, तसतशी कावीळ उतरते असे सांगितले जाते. वस्तुतः ओल्या काड्यांचे तुकडे सैल फासांत गुंफलेले असतात. ते वाळून बारीक झाले, की फास सैल पडतात आणि माळ लांबते. निरोगी माणसाच्या गळ्यातही ती तशीच लांबेल. कोणी चुन्याच्या पाण्याने हात धुववतो आणि पिवळे पाणी निघाल्याचे दाखवतो. आंब्याच्या सालीचा रस आणि चुना एकत्र आले, की पिवळा रंग येतोच. त्यासाठी काविळीची गरज नसते. कोणी देवडांगरीच्या फळाचे थेंब नाकात सोडतो, आणि नाकाच्या अस्तराचा दाह होऊन जे पिवळसर पाणी वाहते, त्यालाच कावीळ समजले जाते.

मग या माणसांना यश का लाभते? एक कारण सर्वांना ठाऊक आहे: हिपॅटायटिस ‘ए’ आणि ‘ई’ या विषाणूंची कावीळ बहुतेक रुग्णांत काही आठवड्यांनी आपोआप बरी होते. दुसरे कारण मात्र क्वचितच कोणाच्या लक्षात येते. माळ घातलेल्या मुलांपैकी काहींना कावीळ झालेलीच नसते. गाजराचा हंगाम संपतो, आई घाबरून पपई बंद करते, आणि मुलाचे हात पुन्हा पूर्ववत होतात. श्रेय माळेला मिळते. पुढे त्याच घरात खरी कावीळ येते, तेव्हा घर त्याच माळेकडे धाव घेते. निरुपद्रवी पिवळेपणाची खरी हानी आहे ती ही.

खरी कावीळ किती घातक ठरू शकते, हे येथील डॉक्टरांना सांगावयास नको. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत दूषित पाण्यामुळे सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. ती साथ हिपॅटायटिस ‘ई’ची होती, हे पुढे सिद्ध झाले. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत या विषाणूची बाधा झाल्यास मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. अशा स्त्रीच्या गळ्यात माळ बांधून वाया घालवलेला एकेक दिवस अमोल असतो. काविळीत हळद आणि पिवळे पदार्थ वर्ज्य करण्यालाही काही आधार नाही; उलट पथ्य म्हणून रस्त्यावरचा, अशुद्ध बर्फ घातलेला उसाचा रस प्यायला लावणे, म्हणजे विषाणूला पुन्हा निमंत्रण देणे होय. १६१५ साली सातपुड्याचे पाणी जमिनीखालून या शहरात आणणारा कुंडी भंडारा ज्या गावात उभा राहिला, त्या गावाला स्वच्छ पाण्याचे मोल निराळे पटवून देण्याची आवश्यकता नसावी.

दिलासा देण्यापूर्वी

‘गाजराचा रंग आहे, काळजी नको’ असे सांगण्याआधी डॉक्टरांनीही चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट नवजात बाळाची. मोठ्या मुलाचे पिवळे तळहात बहुधा निर्धास्त करणारे असतात. नवजात बाळाचे पिवळे तळहात-तळपाय ही धोक्याची खूण आहे. बाळाची कावीळ चेहऱ्यापासून पायांकडे उतरत जाते, आणि ती तळव्यांपर्यंत पोहोचली म्हणजे बिलिरुबिन बरेच वाढलेले असते. केवळ दूध पिणाऱ्या बाळाला गाजराचे कारण लावू नये. बोटाने त्वचा हलकेच दाबून रंग पाहावा आणि त्वरित तपासणी करावी. जन्मानंतर पहिल्या चोवीस तासांत दिसलेली कावीळ नेहमीच गंभीर समजावी. जाता जाता हेही सांगावेसे वाटते, की आईच्या पहिल्या चिकाचा पिवळेपणा कॅरोटीनचाच असतो. तो ‘खराब’ म्हणून पिळून टाकणे म्हणजे बाळाच्या तोंडचे अमृत मातीत ओतणे होय.

दुसरी गोष्ट, आहारात फारसे गाजर-पपई नसताना तळहात पिवळे दिसले, तर थायरॉइडची आठवण व्हावी. थायरॉइड मंदावला, की कॅरोटीनचे रूपांतर मंदावते आणि रक्तातील स्निग्धांश वाढतो. सतत थकवा, वाढते वजन, थंडी सहन न होणे अशी तक्रार करणाऱ्या स्त्रीचे पिवळे तळहात कधी कधी निदानाची वाट दाखवतात. मधुमेह, मूत्रपिंडाचा नेफ्रॉटिक विकार आणि जेवण टाळून केवळ भाज्या-सॅलडवर राहणाऱ्या तरुणींतील ‘अॅनोरेक्झिया’ हा विकार यांतही असे घडते.

तिसरी गोष्ट गोळ्यांची. अन्नातील कॅरोटीनने अपाय होत नाही, याचा अर्थ कॅरोटीनच्या गोळ्याही निर्धोक असा नव्हे. फिनलंडमध्ये सुमारे २९,००० धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या अभ्यासात बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढला, हे १९९४ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील तशाच स्वरूपाचा अभ्यास १९९६ साली मुदतीपूर्वी थांबवावा लागला. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी अशा गोळ्यांपासून दूरच राहावे.

चौथी गोष्ट, कॅरोटीन आणि तयार ‘अ’ जीवनसत्त्व यांत गल्लत नको. आहारातील कॅरोटीनमुळे ‘अ’ जीवनसत्त्वाची विषबाधा होत नाही, कारण गरजेपलीकडे शरीर रूपांतर करीत नाही. परंतु तयार जीवनसत्त्वाचे मोठे डोस नियमाबाहेर दिल्यास ती होऊ शकते. म्हणून मुलांचे डोस लसीकरणाच्या कार्डावर नोंदवूनच द्यावेत.

उपचार

आहारातील पिवळेपणावर औषध नाही, आणि ते लागतही नाही. गाजर, गंगाफळ, पपई यांचे प्रमाण थोडे कमी केले, की काही आठवड्यांत, कधी एकदोन महिन्यांत, रंग आपोआप उतरतो. कमी केले नाही, तरीही हात पिवळे राहण्यापलीकडे काही बिघडत नाही.

त्या आईला मात्र हे शब्द जपून सांगावे लागतात. ‘गाजर-पपईमुळे झाले’ एवढेच ऐकून ती घरी गेली, तर दुसऱ्या दिवसापासून मुलाच्या ताटातून हे पदार्थ कायमचे जातील, आणि शेजारच्या चार घरांतूनही. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षे वयाच्या सुमारे १८ टक्के बालकांत ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. रातांधळेपणा आणि बुबुळाची हानी यांपासून मुलांना वाचवण्यासाठी १९७० पासून आपल्या देशात राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. अशा देशात पपईची धास्ती बसवणे परवडणारे नाही. तेव्हा तिला सांगावे, “ताई, तुम्ही चांगलेच खाऊ घालता आहात. रोज तेच देण्याऐवजी आलटून पालटून द्या. एक दिवस गाजर, एक दिवस मेथी, एक दिवस वरणात शेवग्याची पाने. आणि पुन्हा कधी शंका आली, तर त्याला खिडकीपाशी नेऊन डोळे बघा. डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी दवाखान्यात या.”

हे सांगावयास दोन मिनिटे पुरतात. पण त्या दोन मिनिटांत एक आई आपल्या मुलाचे डोळे पाहण्यास शिकते, आणि आपण शिकलेले ती शेजारणीला, जावेला, माहेरच्या बहिणीला सांगते. उद्या तिच्या घरात खरी कावीळ आली, तर ती माळेकडे न जाता दवाखान्याची पायरी चढेल. आमच्या डॉक्टर बंधुभगिनींनी गर्दीच्या दिवसातूनही ही दोन मिनिटे काढावीत, आणि समाजातील सुजाण वाचकांनी ही साधी परीक्षा घरोघर पोहोचवावी, एवढीच या लेखामागील नम्र अपेक्षा.